राखेची वाटी

आमच्या सरांना रस्त्यात थांबून लोकांना पत्ते विचारायची खोड होती, आणि पत्तेही असे की जे त्यांना स्वतःला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. राहायला कर्वेनगरला, आणि कर्वेनगरच्याच किराणा दुकानदाराला विचारणार, "अहो, इथे पोस्ट ऑफिस कुठे आलं?" दुकानदार तागडीवरची नजर न हलवता म्हणणार, "पुढे विचारा." त्यावर सर शांतपणे सांगणार, "मला माहीत आहे. आपल्याला माहीत आहे का, ते पाहत होतो." दुकानदारही पुण्याचाच. "मग समजलं ना? आता गिऱ्हाइकाला वाट द्या."

मी एकदा सोबत होते तेव्हा शरमेने अर्धी झाले. सरांना त्याचं काहीच नव्हतं. चार पावलं पुढे गेल्यावर म्हणाले, "नापास. पोस्ट दुकानाला खेटून आहे, आणि गृहस्थ पुढे विचारा म्हणतात."

"सर, त्यांना सांगायचं नसेल."

"तोच तर निकाल," सर म्हणाले.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले होते, काही कागदांवर सही घ्यायला. मीही तेव्हा कर्वेनगरलाच पेइंग गेस्ट म्हणून राहायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला सगळ्यांसमोर विचारलं, "दुकानापासून माझ्या घरी कसं जायचं?" मी वळणं सांगितली. फाटकाचा रंगही सांगितला. "ठीक," म्हणाले. "ठीक" म्हणजे पहिल्या वर्गात पास. त्याहून वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

सर म्हणजे शाळा-कॉलेजातले सर नव्हेत. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आमच्या टेस्टिंगच्या टीमचे ते प्रमुख होते. खराडी तेव्हा अर्धी काच आणि अर्धी ज्वारी होती. कंपनीत वरपासून खालपर्यंत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत, तशी पद्धतच होती म्हणे, पण त्यांना नावाने हाक मारायची कुणाची छाती झाली नाही. ते मात्र कालच्या पोरांनाही अहोजाहो करत आणि नावाऐवजी गावाने हाक मारत. मी यवतमाळकर. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा नांदेडकर. खुद्द मॅनेजर सांगलीचा, त्यामुळे तो सांगलीकर, आणि ते त्याला मुळीच आवडत नसे.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा नव्या मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, "टेस्ट म्हणजे काय?"

नांदेडकर म्हणाला, "परीक्षा." मी म्हणाले, "चाचणी."

"भाषांतर नको, मराठी मला येते. शब्द आला कुठून?"

मग त्यांनी ड्रॉवरमधून पणतीएवढी एक पांढुरकी वाटी काढली आणि टेबलावर ठेवली. जाड बुडाची, खडूसारखी खरखरीत.

"लॅटिनमध्ये टेस्टम म्हणजे मातीचं भांडं. धातू पारखणारे लोक चांदीचा कस काढायला असलं भांडं वापरायचे. इंग्रजीत त्या भांड्यालाच टेस्ट म्हणत. परीक्षा हा अर्थ मागाहून आला, आधी भांडं आलं. ही वाटी हाडांच्या राखेची आहे. हिच्यात भेसळीची चांदी आणि शिसं एकत्र घालायचं आणि भट्टीत ठेवायचं. शिसं जळतं, सगळी भेसळ आपल्यात ओढून घेतं, आणि ते सगळं ही वाटी पिऊन टाकते. वर राहतो चांदीचा मणी." मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "वाटी चांदीला काही विचारत नाही. पास म्हणत नाही, नापास म्हणत नाही. घाण तेवढी स्वतःकडे घेते. इथे तुम्ही प्रोग्रामर मंडळींची उणीदुणी काढायला बसलेले नाही, हे लक्षात ठेवा."

मी विचारलं, "मग वाटीचं काय होतं, सर?"

"टाकून देतात. शिसं प्यालेली वाटी पुन्हा चालत नाही. ही कोरी आहे, म्हणून टेबलावर आहे."

वाटी त्यांच्या जुन्या नोकरीतली होती. पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं धातू तपासण्यात घालवली होती. मग परदेशी माल आला, कारखान्याचा मालक बदलला आणि नव्या मालकाने तपासणी बाहेरून करून घ्यायचं ठरवलं. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. पन्नाशीला आलेले सर कॉम्प्युटरच्या क्लासला पोरांच्या बाकावर जाऊन बसले. टेस्टिंग तेव्हा कुणालाच नको असायचं. ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही तो टेस्टिंगला, अशी समजूत होती. सरांनी ते मागून घेतलं. म्हणायचे, "पूर्वी लोखंडातली भेसळ काढायचो, आता सांगलीकरांच्या डोक्यातली काढतो."

प्रयोगशाळेतून त्यांनी आणखी एक रीत सोबत आणली होती, आणि मला जी गोष्ट सांगायची आहे ती त्या रीतीचीच आहे. धातू तपासताना भट्टीत अनोळखी नमुन्याशेजारी एक माहीत असलेला शुद्ध नमुना ठेवतात. त्याचा निकाल बरोबर आला तर भट्टी खरी बोलते आहे, असं समजायचं. सर तेच आमच्यावर करत. प्रोग्राम आमच्याकडे तपासायला यायच्या आधी ते त्यात स्वतःच्या हाताने चारदोन चुका घालून ठेवत. त्यांना ते 'खडे' म्हणत. तांदूळ निवडणाऱ्या बाईची नजर पाहायची तर आपणच तांदळात खडे टाकायचे आणि ती किती काढते ते मोजायचं, असा हिशोब. त्यांचे खडे सगळे सापडले तर देवाने टाकलेलेही बहुतेक सापडले असतील. तपासणी संपली की सर आपले खडे स्वतः काढून घेत आणि प्रोग्राम पुढे क्लायंटकडे जाई.

खडे कुठे टाकले हे ते कधीच लिहून ठेवत नसत. "कागदाला तोंड असतं," म्हणायचे. सगळं डोक्यात. त्या डोक्याचा त्यांना अभिमान होता, आणि आम्हाला धाक. कुणी कुठल्या सोमवारी काय चुकीचं बोललं होतं, तेसुद्धा त्यांना आठवायचं.

त्यांच्या पत्नीबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, डबा खाताना. त्या जाऊन काही वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा परदेशातल्या रुग्णालयांसाठी एक प्रोग्राम तपासत होतो. रक्ताचे रिपोर्ट ज्या त्या रोग्याच्या फायलीत लावायचे, एवढं त्याचं काम. मी सहज म्हणाले की यात फार अवघड काही नाही. सरांनी पोळीचा घास खाली ठेवला.

"आमच्या मंडळींचं पहिलं रक्त तपासलं तेव्हा रिपोर्ट त्यांच्या माहेरच्या नावाने पडून राहिला," ते म्हणाले. "जुना केसपेपर होता, लग्नाआधीचा. आणि सासरच्या नावाच्या फायलीत दुसऱ्याच कुणा बाईंचा कागद लागला. त्या बाई ठणठणीत होत्या. आम्ही पेढे वाटले."

मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

"प्रोग्राम लिहिणारी पोरं असतात," सर म्हणाले. "त्यांना वाटतं, माणसाचं नाव जन्मभर एकच असतं." आणि घास उचलून जेवायला लागले.

आता मागे पाहिलं की काही गोष्टी स्पष्ट दिसतात. त्या तेव्हा दिसल्या नाहीत, कारण सरांचं विसरणं आम्ही सगळ्यांनी त्यांच्या खोडीत जमा केलं. एके दिवशी त्यांनी मला नांदेडकर म्हणून हाक मारली आणि नांदेडकराला यवतमाळकर. तो माझ्या कानात पुटपुटला, "टेस्ट करायलेत. ओ देऊ नकोस." एकदा सकाळी त्यांनी सगळ्यांना जमवून वाटीची गोष्ट सांगितली आणि चहानंतर पुन्हा जमवून तीच, त्याच शब्दांत सांगितली. आम्ही दोन्ही वेळा शहाण्या मुलांसारखी उत्तरं दिली. आपण किती लक्ष देतो ते सर पाहताहेत, अशी आमची खात्री होती. ज्याने जन्मभर माहीत असलेलंच विचारलं, त्याला एखादी गोष्ट खरोखर माहीत नसेल, हे कुणाच्या मनात येणार?

रुग्णालयाच्या प्रोग्रामचा रिपोर्टांचा भाग मी एकटीने तपासला. तो माझा कसोटीचा काळ होता. त्याच्या शेवटी नोकरी कायम होणार किंवा जाणार. घरी यवतमाळला ठरलेलं होतं, कायम झाली तर पुण्यात राहा, नाही तर गुपचूप परत ये, स्थळं बघायला लागू. मी जीव तोडून काम केलं. सरांचे चार खडे शोधले. चौथा सापडला तेव्हा सर माझ्या खुर्चीपाशी आले. "चार टाकले होते, चारही आले. ठीक. आता थांबा." मी थांबले. त्यांनी खडे काढून घेतले आणि प्रोग्राम समुद्रापार गेला.

काही आठवड्यांनी तिकडून तक्रार आली. एका बाईंचं लग्न झालं, त्यांनी नाव बदललं, आणि त्यांच्या नव्या नावाच्या फायलीत दुसऱ्याच बाईंचा रिपोर्ट लागला. तिथल्या नर्सच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून निभावलं. पण क्लायंटचं डोकं फिरलं होतं. हे तपासलं कुणी, ते कळवा, असं त्यांनी मागितलं.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे बघ, क्लायंटला कुणाचं तरी नाव द्यावं लागणार. मॉड्यूल तुझं होतं. अशा वेळी कन्फर्मेशन देणं मला जमणार नाही. सोमवारी बोलू."

मी बाहेर आले. जागेवर बसून मी तक्रार पुन्हा वाचली, आणि तेव्हा कुठे एक गोष्ट लक्षात आली. आमच्या प्रोग्राममध्ये ती चूक आपोआप होण्यासारखी नव्हती. नाव बदललं तरी रोग्याचा नंबर तोच राहतो, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. बाकी सगळीकडे नंबर बघितला जात होता, फक्त लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या बाबतीत कुणीतरी मुद्दाम तो बघायचा सोडला होता. असा विचार करणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. कुणी कुठली ओळ बदलली याची नोंद आमच्याकडे तेव्हा धड राहत नसे, सगळे एकाच पासवर्डने आत जात. म्हणजे सर स्वतः बोलल्याशिवाय ते कधीच कुणाला कळलं नसतं.

सर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्याही दिवशी नाही. तक्रार त्यांनी वाचली होती, सगळ्यांनीच वाचली होती. ते नेहमीसारखे आले, डबा खाल्ला, मला जाताना म्हणाले, "यवतमाळकर, वाईट झालं." खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला त्यांचा मनस्वी राग आला. स्वतःचा खडा माझ्या पदरात टाकून हा माणूस वाटीच्या गोष्टी सांगतो, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"सर, तो खडा तुमचा आहे."

"कुठला?"

"नाव बदललेल्या बाईंचा."

"चार टाकले होते," सर म्हणाले. "चारही काढले."

"पाच टाकले होते, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडी असती तर मला ते किती सोपं गेलं असतं. ते डबा तसाच ठेवून उठले आणि आपल्या कॉम्प्युटरसमोर बसले. मी मागे उभी राहिले. त्यांनी ती जागा उघडली, ओळ वाचली आणि परत वाचली. ते ओळी लिहायचे त्याची एक जुन्या वळणाची पद्धत होती, कंस एकटाच खालच्या ओळीवर ठेवायचे. आमच्यात तसं कुणीच लिहीत नव्हतं. तो कंस तिथे एकटा बसला होता.

"हात माझा आहे," सर म्हणाले. पडद्यावरच्या कंसावर बोट ठेवलं. "आठवत मात्र नाही."

मला वाटलं होतं, सर सापडले की मला हायसं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तेवढं धाडस झालं नाही. "सर, राहू द्या," असं माझ्या तोंडून निघून गेलं. खरोखर राहू दिलं असतं तर मी घरी गेले असते, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही नव्हतं.

"राहू काय द्या?" ते म्हणाले. "चला."

मॅनेजरच्या केबिनमध्ये ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॅनेजर ऐकून घेऊन हसला, समजुतीने. "सर, मला कळतंय. तुम्ही हिला वाचवायला हे म्हणताय. तुमचा मोठेपणा आहे, पण—"

"सांगलीकर, मी इतका चांगला माणूस नाही," सर म्हणाले. "ती ओळ मी घातली आणि काढायला विसरलो. घातली हेसुद्धा विसरलो. यांना मीच सांगितलं, सगळे सापडले, आता थांबा, म्हणून या थांबल्या. क्लायंटला माझं नाव कळवा. आणि यापुढे माझ्याकडून काही तपासून घेऊ नका."

"अहो सर, एक चूक झाली. एवढं काय—"

"चुकीचं नाही म्हणत मी. भट्टीत सोबत ठेवायचा नमुना माहीत असलेला लागतो. मीच मला आता माहीत नाही. मग भट्टी खरी बोलते की खोटं, हे ठरवायचं कशावरून?"

मॅनेजरचं हसू गेलं. त्याने टेबलावरचं पेन उगाच उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

बाहेर पडल्यावर माझे डोळे भरून आले होते. मी म्हणाले, "सर, आज तुम्ही माझ्यासाठी ती वाटी झालात."

"उगाच कविता करू नका," सर म्हणाले. "वाटी दुसऱ्याचं शिसं पिते. हे शिसं माझंच होतं."

महिन्याच्या आत ते गेले. निरोपसमारंभ करू दिला नाही. केक कापायची वेळ आली तेव्हा ते बसस्टॉपवर होते. माझी नोकरी कायम झाली. वाटी न्यायला ते विसरले, की मुद्दाम ठेवून गेले, मला सांगता येणार नाही. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी तिच्यात टाचण्या ठेवल्या. मी एकदा ती कसली वाटी आहे ते सांगितलं. "हो? इंटरेस्टिंग," म्हणाल्या, आणि टाचण्या तिथेच राहिल्या. पुढे ऑफिस मोठ्या इमारतीत हललं तेव्हा जुन्या सामानाबरोबर तीही गेली.

मी कर्वेनगर सोडलं नाही. लग्न झालं, तिथेच घर घेतलं. सरांना भेटायला जायचं मनात यायचं, आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून जायचं. मग एका रविवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन परतत होते, तर त्याच किराणा दुकानासमोर सर उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत घरातल्या सपाता. खूप वाळले होते. दुकानदाराला विचारत होते, "अहो, ही सोसायटी कुठे आली?" आणि नाव घेतलं ते त्यांच्या स्वतःच्या सोसायटीचं.

दुकानदार आता म्हातारा झाला होता, पण त्याने सरांना ओळखलं. त्याच्या तोंडावर जुना आनंद दिसला. "या! बऱ्याच दिवसांनी आलात नापास करायला. पुढे विचारा!" आणि पुढचं वाक्य ऐकायला तागडी धरून थांबला. मीही थांबले. ते वाक्य मला पाठ होतं. मी ते मनातल्या मनात त्यांच्या आधी म्हणूनही टाकलं.

"नाही हो," सर म्हणाले. "आज मला खरंच माहीत नाही."

दुकानदाराने तागडी खाली ठेवली. त्या दुकानात एवढी वर्षं सामान भरते आहे, पण तो गृहस्थ गिऱ्हाइकासाठी फळी उचलून बाहेर आलेला मी पाहिला नव्हता. तो आला. सरांचा दंड धरला आणि हात लांब करून रस्ता दाखवायला लागला, पहिल्या वळणाला डावीकडे, मग सरळ, मग झाडापाशी उजवीकडे. सर लहान मुलासारखे लक्ष देऊन ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की झाडापर्यंत येईस्तोवर पहिलं वळण गेलेलं आहे.

मी पुढे झाले. "सर, मी यवतमाळकर. मी त्याच बाजूला चालले आहे."

"असाल," सर म्हणाले, आणि माझ्याबरोबर निघाले.

वाटेत फारसं बोलणं झालं नाही. प्रत्येक वळणापाशी ते थांबायचे, माझ्याकडे बघायचे, मी हात दाखवला की चालायचे. फाटकाचा रंग बदलला होता. तिथे आल्यावर त्यांनी वर इमारतीकडे पाहिलं आणि त्यांना पटलं असावं. मग माझ्याकडे वळून जुन्या कडक आवाजात म्हणाले, "आपल्याला माझं घर कसं माहीत?"

"तुम्हीच मला विचारलं होतं, सर. पूर्वी एकदा. सगळ्यांसमोर."

त्यांनी फाटकावर हात ठेवला.

"म्हणजे तेव्हा मला माहीत होतं," ते म्हणाले, आणि फाटक ढकलून आत गेले.